सारवलेल्या अंगणातली खूण

काठी जमिनीवर टेकवण्याआधी दस्तगीर मामा पायातली चप्पल काढायचे. अंगठ्याने गवत, खडे बाजूला सारायचे, टाचेने माती दाबून बघायचे आणि मगच काठी उभी करायचे. काठी म्हणजे आकडे रंगवलेली उंच मोजपट्टी. लांबून दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचला, की ती जागा किती उंच आहे ते काढता येतं. कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर, भर उन्हात, साठी ओलांडलेला हा माणूस अनवाणी का उभा राहतो, हे पहिल्या वर्षी आम्हाला कळत नव्हतं.

"मामा, चप्पल घाला की, पाय भाजतील," मी एकदा म्हणाले.

"चपलेला काय कळतंय खाली घट्ट हाय का भुसभुशीत? बोल इंजिनीयरबाई!"

मामा पाटबंधारे खात्यात खलाशी, म्हणजे मोजणीचं सामान वाहणारे मदतनीस, होते. धरणांच्या मोजणीसाठी तीस-एक वर्षं त्यांनी डोंगरातून काठी वाहिली. निवृत्तीनंतर ते आमच्या सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून आले. शिक्षण सातवी. ते म्हणायचे, "सायेब एक डोळा मिटून आकडा बघायचा. मी दोन्ही डोळं उघडं ठिवून गाव बघायचो."

मी हातकणंगल्याजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वर्गात शंका विचारायला मला धीर होत नसे. तास संपला की मी काठ्या ठेवायच्या निमित्ताने मागे थांबायची आणि मामांना विचारायची. मोजणीची बेरीज जुळली नाही की आमच्यातले बरेच जण एखादा आकडा हळूच बदलत. मीही एकदा बदलला. मामांनी वही पाहिली नव्हती, माझं तोंड पाहिलं होतं.

"पाण्याला वाचाय येत न्हाय, पोरी," ते म्हणाले. "तुझा कागद त्येला कोण वाचून दाखवणार?"

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी आम्ही मलकापूरच्या पुढची एक वाडी घेतली. तिथे चार महिने इतका पाऊस पडतो की झाडं तारांवर कोसळतात आणि आठ-आठ दिवस वीज येत नाही. एप्रिलमध्ये मात्र त्याच वाडीतल्या बायका झऱ्याशी वाटी घेऊन बसतात. ओढ्याच्या अरुंद जागी भिंत घालून लहान तलाव करायचा, उन्हाळ्यात वाडीला नळाने पाणी द्यायचं आणि पावसाळ्यात त्याच पाण्यावर छोटं जनित्र फिरवायचं, अशी आमची योजना होती. ग्रामपंचायत आमची मोजणी जोडून प्रस्ताव वर पाठवणार होती. सरपंचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घर बुडतंय असं लिवलं की फाईल अडकली म्हणून समजा."

मामा रजा टाकून आमच्याबरोबर आले. गुडघे दुखत असल्यामुळे ते बांधावर बसून राहत आणि काठी मी धरायची. दुर्बिणीवर माझा वर्गमित्र प्रकाश असे. पाणी कुठवर येईल ती रेघ आखत आम्ही सर्वांत खालच्या घराशी पोचलो. ते ठकूबाईंचं. त्या एकट्याच राहायच्या, एका म्हशीबरोबर. अंगण नुकतंच सारवलेलं होतं.

"पोरी, वल्लं हाय अजून. पाय उमटतील," त्या म्हणाल्या.

ओल्या अंगणात पाय दिला म्हणून मी लहानपणी आईच्या हातचा मार खाल्लेला आहे. मी कडेकडेने गेले आणि काठी घराच्या दगडी पायरीवर ठेवली. प्रकाशने आकडा ओरडून सांगितला. हिशेब केला तर पाण्याची रेघ पायरीच्या चार बोटं खाली राहत होती.

"वाचलं म्हातारीचं घर!" बरोबर आलेले सरपंच म्हणाले.

मामा बांधावरून उठून हळूहळू वर आले.

"काठी कुटं ठिवलीस?"

"पायरीवर. अंगण ओलं होतं ना, मामा."

ते तिथेच दगडावर बसले. बोलले ते अगदी साध्या आवाजात, हजेरी सांगावी तसं.

"मीबी तसंच केलतं. नवा हुतो. बाईनं अंगण सारिवलं हुतं, मला पाय टाकवंना. पायरीवर ठिवली काठी. सायबाला दुर्बिणीतनं काय दिसतंय? काठीच की. दोन पावसाळ्यांनी धरण भरलं. अंगणात घोटाभर पाणी, गोठ्यात गुडघाभर. भिंती मातीच्या. निम्मं घर बसलं. कागदावर मातूर घर कोरडं. ती म्हातारी हापिसात यायची, सायेब तिला कागद दाखवायचा. मी फायली घिऊन तितंच हुबा असायचो. एकदाबी बोललो न्हाय."

सरपंचांना हे आवडलं नाही. "मामा, वीतभराचा तर प्रश्न हाय. आख्खी वाडी तहानलीय हितं."

मला सरपंचांचंही खरं वाटत होतं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी कर की नको कर, काहीच सांगितलं नाही. "काठी तुझ्या हातात हाय," एवढंच म्हणाले.

मी चप्पल काढली. ठकूबाईंना म्हणाले, "आजी, माफ करा," आणि अंगणाच्या मध्यावर जाऊन काठी टेकवली. प्रकाशकडून आकडा दोनदा वाचून घेतला. अंगण पाण्याच्या रेघेच्या आत होतं.

"म्हंजे पानी हितवर येनार?" ठकूबाईंनी विचारलं.

"होय, आजी."

"मग आदी सांगाय नगो व्हय? म्हस कुटं बांदू मी?" त्या माझ्यावर चांगल्याच खेकसल्या. मग डोंगराकडे बघत म्हणाल्या, "वर माजं भाताचं खाचर हाय. सांगून येतंय पानी तर सरकीन की मी. पर घर बांदून द्या म्हनावं. आन् त्ये कागदावर लिवा."

अहवालात आम्ही बुडणाऱ्या घरांच्या रकान्यात एक घर लिहिलं आणि त्याच्या बदल्यात वर नवं घर मागितलं. सरपंचांनी म्हटलं होतं तसंच झालं. फाईल अडकली.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते प्रयोगशाळेत काठ्या पुसत होते. मला वाटलं, ते माझी समजूत काढतील.

"मग जा की हापिसात इचाराय," ते म्हणाले. "पाय हायत न्हवं?"

तेव्हापासून मी दर महिन्याला, फाईल जिथे अडकली त्या कचेरीत जाते. पहिल्या दोन खेपांना माझा आवाजच फुटला नाही. आता टेबलापुढे उभी राहून ठकूबाईंच्या घराचं काय झालं, असं विचारता येतं. फाईल अडकल्यानंतरच्या एप्रिलमध्येही वाडीतल्या बायका झऱ्याशी बसल्या होत्या. ते आठवलं की मी केलं ते बरोबर केलं का, असं अजून मनात येतं.

मामा त्यानंतरच्या फेब्रुवारीत गेले. सकाळी चहा पिताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर मी आणि प्रकाश उभे होतो. माती देऊन आलेली माणसं चपला शोधत होती.

पुढच्या आठवड्यात मी वाडीवर सांगायला गेले. ठकूबाईंनी ऐकून घेतलं, पदराने डोळे पुसले आणि मला पायरीवर बसवून पाणी दिलं. अंगण सकाळीच सारवलेलं होतं. मध्यावर मात्र काठीच्या बुडाएवढा एक चौकोन कोरडाच होता. मी तिकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुज्या मामांनी दाखिवलेली जागा," त्या म्हणाल्या. "तेवढी सोडून सारिवते मी. पानी हितवर येनार हाय न्हवं?"