माईकवर सांगितलेली शुगर

माझी शुगर कोणाचंच ऐकत नाही, हे मी आता मान्य केलं आहे. तीच दीड पोळी, तीच मेथीची भाजी, अमरावतीच्या राजापेठेतली तीच सकाळची फेरी; सोमवारी मीटर एकशे दहा दाखवतं आणि मंगळवारी दोनशे सत्तर. डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेतलं असेल." मी एकतीस वर्षं कॉलेजचा ग्रंथपाल होतो. तिथलं सगळ्यात मोठं टेन्शन म्हणजे पुस्तकांना लागणारी कसर. निवृत्तीनंतर तेही गेलं.

चढलेली शुगर मी सहन करतो. ती सावकाश मारते, माणसाला अब्रू राखायला वेळ देते. उतरणारी शुगर तसा वेळ देत नाही. ओठ बधिर होतात, मानेवर गार घाम येतो, मग जीभ जड होते आणि पाय वाकडे पडायला लागतात. बघणाऱ्याला जे वाटायचं ते वाटतं.

माझ्या व्याह्यांना तेच वाटलं. किंवा तसं वाटून घेणं त्यांना सोयीचं होतं. याचा निकाल मी अजून लावलेला नाही. माफ न करण्यासाठी तो लावायची गरजही नाही.

व्याही अकोल्याचे. घरची काळी जमीन, तीन-चार संस्थांची अध्यक्षपदं, आणि माईकचं वेड. नातवंडाच्या बारशातही ते "उपस्थित मान्यवर" अशी सुरुवात करतील. आमच्या मुलीच्या लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा ते आणखी कशाचे तरी अध्यक्ष झाले आणि त्या आनंदात त्यांनी शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं.

"रोडगे झालेच" या वाक्यावर वऱ्हाडात कोणी विश्वास ठेवत नाही. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे असतात, ते आच ठरवेल तेव्हा होतात. त्यानंतर नैवेद्य, त्यानंतर प्रमुख पाहुणे, त्यानंतर पंगत. जन्म इथला असून मी चुकलो. व्याही म्हणाले, "इवाईबुवा, हात धुऊन घ्या जी. रोडगे राखेतून काढूनच राह्यले." मी विहिरीमागे जाऊन पोटात इन्सुलिन टोचून आलो. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटांत खावं लागतं.

रोडगे निघाले, त्यांवर तूपही पडलं. प्रमुख पाहुणे मात्र मूर्तिजापुरातच होते. ते येईपर्यंत पानं मांडायची नाहीत म्हणून व्याह्यांनी माईक घेतला आणि स्वतःच्या कार्याचा आढावा सुरू केला. माझी ग्लुकोजची पुडी बायकोच्या पर्समध्ये, पर्स गाडीत, आणि गाडी दोन शेतं पलीकडे. पाऊण तासाने ते त्यांच्या विद्यार्थिदशेपर्यंत आले होते आणि मला त्यांचे दोन चेहरे दिसत होते. मी उठलो, झोकांड्या खात नैवेद्याच्या ताटापाशी गेलो आणि त्यातले दोन पेढे तोंडात कोंबले.

माईक चालू होता. "बसवा जी कोनी यायले," व्याही म्हणाले. "आमचे इवाई दुपारीच लावून आले वाटते."

शंभरेक माणसं हसली. बायको धावत पर्स घेऊन आली, तिने माझ्या बोटाला सुई टोचली. सेहेचाळीस. तिने मीटर व्याह्यांपुढे धरलं. त्यांनी ते बंद पडलेल्या घड्याळासारखं पाहिलं. "मशीनचं काय खरं हाय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात समद्यायलेच अशी शुगर होते."

लोक पुन्हा हसले; पोळ्याच्या पाडव्याला गाव काय पितं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही विनोद कळतो. माझ्यापुरता तो तिथेच संपला असता. पण तो मुलीच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला गेला. तिच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "हिचे बाबा घेतात थोडी. पन मानूस चांगला हाय." खोकल्याच्या औषधापलीकडे काही न घेतलेल्या माणसाला हा चांगुलपणाचा दाखला फार लागला. दिवाळीत मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही नका येऊ या वेळी. मीच येते." कारण तिने सांगितलं नाही. तिचा आवाज मी तिच्या लहानपणापासून ओळखतो.

मी वर्षभर वाट पाहिली. परत न आलेल्या पुस्तकाची वाट पाहण्यात माझी हयात गेली आहे.

मग व्याह्यांचा सत्कार अमरावतीत, आमच्याच भागातल्या एका हॉलमध्ये ठरला. साडेबाराची वेळ होती. दोन वाजता हार-शाली चालू होत्या आणि मागच्या दारातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. नातेवाईक म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी माईकसमोर खिशातून मीटर काढलं, बोट टोचलं, थांबलो.

"माझी शुगर बासष्ट आहे," मी म्हणालो. "व्याह्यांची क्षमा मागून मी जेवायला जातो."

मीटरवर एकशे अठ्ठेचाळीस होतं. ते मी खिशात टाकलं आणि चालू लागलो.

तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे काठी टेकत उठले. "मलेबी हाय शुगर." मग एक बाई उठल्या, मग त्यांची जाऊ. "माह्यी तं सकाळपासून डाऊन हाय," असं कोणीतरी म्हणालं आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज सुरू झाला. त्या हॉलमध्ये इतके मधुमेही असतील असं आयोजकांनाही वाटलं नसावं. मी ताट घेऊन मागे वळून पाहिलं तेव्हा व्याही शाल पांघरून रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे होते. मला भाजी फार आवडली.

पण अध्यक्ष तो अध्यक्ष. त्यांनी माईक पुन्हा हातात घेतला. "समद्यायले सांगतो, आमच्या इवायाले शुगरचा लय त्रास हाय. त्यायच्यासाठीच मी पंगत आधी बसवली. कोनी त्यायच्याबद्दल वेडंवाकडं बोलू नये." मुलगी वाढायला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पानात बासुंदी वाढली. मी ती खाल्ली. संध्याकाळी मीटरने तीनशे बारा दाखवलं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

आता मी अकोल्याला राजरोस जातो. व्याह्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात माझं पान सगळ्यांच्या आधी, व्यासपीठासमोर मांडलं जातं. आपली माणुसकी लोकांना दिसावी म्हणून त्यांनीच ही पद्धत पाडली आहे. माझं जेवण होईपर्यंत भाषण सुरू करता येत नाही, कारण समोर आजारी माणूस जेवत असताना ते बरं दिसत नाही. ते माईक धरून उभे राहतात. मी घास बत्तीस वेळा चावतो. डॉक्टरांनीच सांगितलं आहे.