खवट अक्रोडांचा केक

माझ्या नाकावर राग असतो, असं माहेरी सगळे म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी एक साधा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. राग तेवढा जागच्या जागी राहिला.

म्हणजे सर्दी नाही, श्वास मोकळा, फक्त वास नाही. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं. पण आमरस आणि साखर घातलेला लाल भोपळा यांत मला काही फरक उरला नाही. डॉक्टर म्हणाले, “येईल हळूहळू. कधीकधी नाहीही येत.” एवढं सांगायला इतकं शिकावं लागतं का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी रोज चार बाटल्या हुंगायला सांगितल्या: लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी. मी सकाळी बाल्कनीत उभी राहून एकेक झाकण उघडायची. चारी बाटल्यांत नुसती हवा भरलेली.

आम्ही कन्नड मुलखात, येलहंकाला राहतो. ह्यांची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात गेली, विमानाला लागणारे सुटे भाग तपासण्यात. भागावर केसाएवढी चीर दिसली तरी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचे. माल पुरवणारे ह्यांच्या नावानं बोटं मोडायचे आणि साहेब लोक कौतुक करायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून हे मी आणलेल्या भाजीतले घेवडे वाकवून बघतात.

माझा छंद केकचा. पुण्याहून लग्न होऊन इथं आले तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं, आणि पोळीभाजी घेऊन काही कुणाचं दार वाजवता येत नाही. केक मात्र डब्यात घालून शेजारी नेता येतो. आधी वाळूच्या कुकरमध्ये, मग छोट्या ओव्हनमध्ये. आमच्या मराठी मंडळात माझी ओळखच ‘केकवाल्या वहिनी’ अशी झाली. वास गेल्याचं मी मंडळात कोणाला सांगितलं नाही. गवयाचा आवाज गेला तर तो काय दवंडी पिटतो?

ह्यांनी त्यांच्या परीनं उपाय केले. एक आकडे दाखवणारा काटा आणला, केकच्या पोटात खुपसायचा थर्मामीटर आणला आणि मला गॅसचा वास येत नाही म्हणून ओट्यावरच्या भिंतीवर गॅस ओळखणारी एक पांढरी डबी लावली. पहिल्याच दिवशी मी व्हॅनिला इसेन्सची बाटली उघडली आणि डबी कोकलायला लागली. हे धावत आले. गॅस बंदच होता. डबीला इसेन्समधल्या अल्कोहोलचा वास लागला होता. म्हणजे घरात माझ्याखेरीज सगळ्यांना वास येत होता, भिंतीवरच्या डबीलासुद्धा. मी ती काढायला निघाले, तर हे आडवे आले. डबी राहिली. त्यानंतर इसेन्स उघडायला मी बाल्कनीत जाते.

तरी मी केक करत राहिले. हात सवयीनं चालत होते, काट्यावर मापं बरोबर पडत होती. मंडळाची सहल निघाली, दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्यावरच्या एका शेतावर. मी अक्रोड आणि खजुराचा मोठा केक नेला. सगळ्यांनी खाल्ला. “वहिनी, छानच झालाय हो!” “कृती पाठवा ना.” एकीनं घरी न्यायला तुकडा बांधून घेतला. ह्यांनी दोनदा घेतला. परतताना बसमध्ये मी गाणी म्हटली. कित्येक महिन्यांनी मला हलकं वाटत होतं.

उरलेला तुकडा मी संध्याकाळी समोरच्या अक्कांना दिला. अक्कांचं घराणं शेकडो वर्षं ह्याच मुलखात. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड कुठं शिरलं ते त्यांना कळत नाही. त्यांनी घास तोंडात घातला, थांबल्या आणि तो हातातल्या कागदात काढला.

“अगं, अक्रोड खवट झालाय की. स्वल्प नाही, सगळाच. तू खाऊन नाही बघितलीस?”

“बघितला.”

“मग?”

अक्कांनी खुर्ची पुढे ओढली तशी मी त्यांना सगळं सांगून टाकलं: ताप, बाटल्या, डबी. त्या म्हणाल्या, “सरी, सरी, असू दे. माझ्या मोतीबिंदूचं मीही कोणाला सांगितलं नव्हतं, भिंतीला धडकेपर्यंत.” आणि चहा टाकला.

चहा मी पिऊ शकले नाही. घरी आले. हे टीव्हीसमोर होते.

“केक खवट होता?”

ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. एवढ्यावरूनच मला कळलं.

“तुम्हाला माहीत होतं. दोन तुकडे खाल्लेत!”

“तू इतक्या दिवसांनी खुशीत होतीस.”

“आणि त्या सगळ्यांना खवट खाऊ घातलं त्याचं काय? त्यांनी तर कृती मागितली!”

“आपल्याकडे कोण तोंडावर सांगतं?” हे म्हणाले आणि मग हळू आवाजात, “पानात आलेल्याला नावं ठेवू नयेत गं.”

ह्यांच्या घरचा हा धडा मला ठाऊक होता. लहान असताना एकदा हे जेवताना म्हणाले होते की आमटी खारट झाली आहे. वडील काही बोलले नाहीत. स्वतःच्या भरल्या ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी घरात कोणीच जेवलं नाही. तेव्हापासून ह्यांनी अळणी, करपलेलं, कच्चं, सगळं गुपचूप गिळलं आहे. लग्न झाल्यावर मला ह्याचं किती कौतुक वाटायचं! मैत्रिणींचे नवरे ताटं आपटत असत आणि माझा नवरा काही न बोलता पान स्वच्छ करत असे. आता तेच माझ्या मुळावर आलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचा माल नाकारला त्याच्या जिभेचा माझ्या घरात काडीचा उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ओव्हन कपाटावर टाकला.

आणि मग मला घरात बसवेना. क्रोशाचं एक फूल केलं, उसवलं, पुन्हा केलं. गच्चीत टोमॅटो लावले आणि ते उगवायच्या आतच कुंड्यांची जागा बदलली. पक्षी बघणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. हेब्बाळच्या तळ्यावर पहाटे दुर्बीण लावून सगळे एका बगळ्याकडे टक लावून उभे राहायचे आणि माझे पाय शिवशिवायचे. एक बाई म्हणाल्या, “किती शांत वाटतं ना?” मला तर बगळ्याला खडा मारून उडवावासा वाटत होता. फोनवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप घेतलं. त्यानं आमच्या मिक्सरला सुतार पक्षी ठरवलं. ते काढून टाकलं.

मुलगी बेळ्ळंदूरला राहते, तिला तान्ही लेक आहे. मी उगाचच तिच्याकडे जायला लागले. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, दोन बस आणि एक रिक्षा. निदान प्रवासात तरी आपण काहीतरी करतोय असं वाटतं. एकदा तिच्या घराजवळच्या सांडपाण्यानं भरलेल्या तळ्याच्या बाजूनं जाताना रिक्षावाल्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, आपको बास नहीं आती?” मी म्हटलं, “नहीं.” त्यानं कौतुकानं मान हलवली. मला मात्र भरून आलं. घाणेरडा वाससुद्धा आपल्या वाट्याला नसावा, ह्याचं वाईट वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घराच्या कोपऱ्यावर बेकरी आहे, तिथं संध्याकाळी खारा बन, म्हणजे तिखट मसाल्याचे पाव, भट्टीतून निघतात. तिच्यासमोर मी उगाच रेंगाळायची आणि कोणी ‘काय हवंय’ विचारलं की चालू लागायची.

अशातच मुलीनं विचारलं, “आई, बाळाचा पहिला वाढदिवस येतोय. केक तूच करणार ना?”

“बाहेरून आण.”

“तिचा पहिला केक आहे. बाहेरचा साखरेचा गोळा नको मला तिच्या पोटात.”

“मला वास येत नाही. तुला माहीत आहे.”

“बाबांना येतो ना,” ती म्हणाली.

ती सहज बोलून गेली, पण मला परतीच्या बसमध्ये ते वाक्य सोडेना. मंडळातल्या मोठ्या माणसांनी खवट गिळलं ते गिळलं. एका वर्षाच्या पोरीला काय घालणार मी? आणि नाही म्हटलं तर तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी पाहुण्यांसारखी हात हलवत जायचं. पुढे ती कधी विचारेल, आजी केक करायची म्हणतात, ते खरं का? बसमधून उतरले आणि तडक घरी येऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले.

“मी केक करीन. पण खरं सांगायचं.”

“सांगेन.”

“तुम्ही नाही सांगणार. जीभ रेटणार नाही तुमची.”

मी ओव्हन खाली काढला. पोरीला मैदा नको म्हणून नाचणी, केळं आणि थोडा गूळ घेतला. केक निवल्यावर तुकडा बशीत घालून ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी खाल्ला. माझ्याकडे बघितलं. घाम फुटला होता ह्यांना.

“छान आहे,” हे म्हणाले.

मी बशी उचलली आणि सिंकमध्ये आपटली. बशी फुटली. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, त्या कारखान्यात पोलादी बोल्टवर जेवढी दया नव्हती तेवढी तुमची माझ्यावर आहे, आणि मला दया नको, मला जीभ हवी आहे. म्हटलं, मी आंधळी झाले असते तर खड्ड्यात पडताना ‘छान रस्ता आहे’ म्हणाला असता का? मग मीच रडायला लागले. हे ओट्याला टेकून उभे होते. तिथून ते पुढे झाले आणि केकच्या भांड्याकडे बघत राहिले. तसे ते पूर्वी टेबलावर ठेवलेल्या सुट्या भागाकडे बघायचे.

“हे अजून पानात वाढलेलं नाही,” हे म्हणाले.

“काय?”

“बशीतलं पानातलं झालं. भांड्यातलं नाही. अजून माल बाहेर गेलेला नाही.”

सुरीनं ह्यांनी भांड्यातूनच एक तुकडा काढला. ओट्यापाशी उभ्या उभ्या, चप्पल घालून, म्हणजे जेवणाशी त्याचा काही संबंध राहू नये. हुंगला. चावला. सिंकमध्ये थुंकला. माझ्या देखत, माझ्या हातचं थुंकणारा हा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

“रिजेक्ट,” हे म्हणाले. “नाचणीचं पीठ जुनं आहे, कुबट लागतं. वेलची इतकी आहे की केळं सापडत नाही. मधे ओला राहिलाय.”

“एवढं?”

“तूच विचारलंस.”

मला असा राग आला की काय सांगू! खरं हवं होतं, खरं मिळालं आणि झोंबलं. पीठ मी स्वतः निवडून आणलं होतं. तरी त्या रागाच्या खाली कुठेतरी पाय टेकल्यासारखे झाले. इतक्या महिन्यांत मला कोणीतरी माझ्या केकविषयी काहीतरी सांगितलं होतं.

हे गिरणीतून ताजं पीठ घेऊन आले. मी वेलची कमी केली. दुसराही रिजेक्ट झाला, खालून करपट म्हणून. आम्ही भांडलो. तिसऱ्याला हे बराच वेळ चघळत उभे राहिले, पुन्हा एक तुकडा कापला, तो खाल्ला आणि म्हणाले, “हा जाऊ दे.” ‘छान’ म्हणाले नाहीत. मी तो तसाच, कापलेल्या कडेसकट डब्यात भरला आणि दुसरा विचार केला नाही.

वाढदिवसाला आम्ही टॅक्सीनं निघालो. डबा माझ्या मांडीवर. रिंग रोडला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. मला स्वस्थ बसवेना. झाकण उघडून बघितलं, लावलं, पुन्हा उघडलं. हे म्हणाले, “आता तपासून झालंय. ठेव ते.” आणि त्या ‘तपासून झालंय’मुळे माझ्या मनात जे कधी आलं नव्हतं ते आलं.

“अहो, आणि आधीचं?”

“आधीचं कुठलं?”

“मला वास येत होता तेव्हाचं. इतक्या वर्षांचं. आमटी, भाज्या, दिवाळीचं, ते सगळे केक. ते खरंच चांगलं होतं का?”

हे काचेतून बाहेर बघत राहिले. पुढची गाडी हलली, आमची हलली, पुन्हा थांबली. मी ह्यांच्या बाहीला धरून हलवलं.

“सांगा ना.”

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“ते पानात वाढलेलं होतं,” हे म्हणाले.