महादेवनं पिंकीसाठी टाकलेली रजा

आमच्या डेअरीत सकाळचं दूध घेऊन झालं की सगळे चहाला टेस्टिंगच्या टेबलाभोवती जमायचे. तिथं एखादा किस्सा निघाला की आठवड्यात त्याला चार नवे जोडले जायचे. पण नव्वदच्या दशकात एका वर्षी एकट्या महादेवनं एवढे किस्से पुरवले, की बाकी कुणाचं ऐकायला वेळच उरला नाही.

महादेव मूळचा वरकुट्याचा. इंदापूरजवळच्या आमच्या डेअरीत आलेल्या दुधाचं फॅट तपासायचा. बायको मंदा डी.एड. होऊन चार वर्षं घरी बसलेली. मुलगी पिंकी पाच महिन्यांची झाली आणि मंदाची शिक्षिकेची ऑर्डर आली, भिगवणच्या पुढं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर ऑर्डर रद्द. त्याची आई हयात नाही, तिची आई आजारी नवऱ्यात अडकलेली. महादेवनं तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि कारण सरळ लिहिलं, 'मुलीस सांभाळण्यासाठी'.

हेडक्लार्कनं अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"अरं, कावीळ लिही. निदान कंबर तरी लिही."

"पण मला काय झालंच न्हाय."

"तेच तर म्हणतोय. धडधाकट गडी पोरगी घेऊन घरी बसणार, हे मी साहेबांना कोणत्या तोंडानं सांगू?"

आदल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः म्हैस व्यायला झाली म्हणून चार दिवस रजा घेतली होती! आम्ही कुणीच ते बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही महादेवचं डोकं फिरलंय असंच वाटत होतं.

*

रजेच्या दुसऱ्या आठवड्यात वरकुट्याहून त्याचे चुलते आबा चार जाणत्यांना घेऊन आले. मी तिथंच होतो. मंडळी सतरंजीवर बसली, पाणी प्याली आणि मयताला आल्यासारखी खाली बघत राहिली. शेवटी आबा म्हणाले, "झालं ते झालं. वाईट वाटून घेऊ नगंस."

"कशाचं?"

"सूनबाई सोडून गेली म्हणं."

महादेव तेव्हा पिंकीचा लंगोट बदलत होता. तो काही बोलायच्या आत मंदा एसटीतून उतरून दारात हजर, हातात भिगवणचे मासे. आबांनी तिच्याकडं बघितलं, मग लंगोटाकडं.

"ही हितंच हाय, तर मग हे तू का करतुयास?"

मंडळी जेवून गेली, पण रस्सा खातानाही आबांची मान हलत होती.

*

महादेवच्या आळीत तात्या घरोघरी गाईचं दूध घालायचे. एकदा महादेवनं सवयीनं त्यात लॅक्टोमीटर सोडला. तो नको तेवढा खाली गेला.

"तात्या, पाणी हाय."

तात्यांचा चेहरा पडला. "पंधरा वरसं हितं दूध घालतोय. आजवर एका बी बापानं भांड्यात डोकावून बघितलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून तात्या गाय महादेवच्या दारात आणून समोर धार काढायला लागले. मग आळीतल्या बायकाही आपापली पातेली घेऊन तिथंच यायला लागल्या. तात्या त्याच्याशी पुढं कित्येक महिने बोलले नाहीत.

*

लस टोचायच्या दिवशी महादेव पिंकीला घेऊन दवाखान्यात गेला, तर बाकावरच्या बायका पदर सावरून त्याच्याकडंच बघायला लागल्या. नर्सबाई म्हणाल्या, "आई नाही तर आजी, मावशी कुणीतरी पाठवायचं. तुम्हाला काय सांगता येणार?"

महादेवनं खिशातून कागद काढला. किती वाजता किती दूध, किती वेळा शी, रंग कसा, सगळं डेअरीसारखं सकाळची पाळी, संध्याकाळची पाळी करून लिहिलेलं. नर्सबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "आमच्या मालकाला पोरं किती हायती, ते बी मला इचारून सांगावं लागायचं."

*

तीन महिने संपले आणि महादेवनं आणखी तीन महिन्यांचा अर्ज दिला. थंडीत डेअरीचं दूध दुपटीनं वाढलेलं, बदलीचा माणूस रोज फॅट चुकवणारा. मॅनेजर साहेब भडकले. उद्या हजर व्हा, नाहीतर नाव कमी, अशी चिठ्ठी टाइप करून त्यांनी खिशात घातली आणि मला घेऊन जीपनं थेट त्याच्या घरी आले.

आम्हाला बघूनच महादेवचं तोंड उतरलं. कामावर जावं तर मंदाची शाळा जाणार, न जावं तर याची नोकरी. तेवढ्यात आत स्टोव्हवर दूध उतू गेलं. "साहेब, एक मिनिट," म्हणत त्यानं पिंकी त्यांच्या हातात दिली आणि आत पळाला.

साहेबांना तीन मुली, तिघींची लग्नं झालेली. तरी त्यांनी पिंकीला दुधाच्या कॅनसारखी दोन्ही हातांनी लांब धरली. पिंकीनं भोकाड पसरलं.

"अरं, हिला धरू कसं?"

"खांद्यावर घ्या, साहेब. पाठीवर थोपटा," आतून महादेव ओरडला.

साहेबांनी तिला खांद्यावर घेतलं. हळूहळू थोपटत खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तीन हायत मला. एकीला बी असं कधी घेतलं न्हाय."

महादेव हात पुसत बाहेर आला. साहेबांच्या खिशातनं डोकावणारी चिठ्ठी त्याला दिसली असावी. दोन्ही हात पुढं करून तो म्हणाला, "द्या साहेब तिला. आन् मग, उद्यापास्नं हजर होऊ का?"

साहेबांनी पाठ वळवली.

"हळू बोल की. आत्ताच डोळा लागलाय तिचा."