चोवीस नंबरचा शर्ट

माझा नवरा ओरेस्ट ह्रिन्युक हा जगातला सगळ्यात कंटाळवाणा प्रेक्षक आहे. आइस हॉकीच्या सामन्याला त्याच्याशेजारी बसून बघा एकदा. गोल झाला तरी टाळी नाही, पंच चुकला तरी शिवी नाही. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, हीटरची ऊब जिथे पोचत नाही अशा बाकावर बसायचं, सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि टरफलं कॉफीच्या रिकाम्या कपात थुंकायची. नोकरीत होता तोवर तो टॅमरॅक गावच्या धान्यकोठारावर गहू तोलायचा. निवृत्त झाल्यापासून पोरं तोलतो.

म्हणजे शहरातल्या ज्युनियर संघासाठी आमच्या बाजूच्या गावांमधली चौदा-पंधरा वर्षांची चांगली मुलं हेरतो. त्याचं मिळतं काय, तर पेट्रोल आणि कॉफी. समोरच्या गाड्यांचे दिवे त्याच्या डोळ्यांवर येतात, म्हणून गाडी मी चालवते. कॅनडाच्या या सस्कॅचेवान प्रांतातला एकही थंडगार बाक माझ्या बुडाला अनोळखी राहिलेला नाही.

ओरेस्टचा एक नियम आहे: आधी मुलगा, मग नाव. दारात खेळाडूंच्या नावांचा कागद मिळतो, तो घडी घालून खिशात ठेवायचा आणि सामना संपेपर्यंत उघडायचा नाही. "बाप मोठ्या संघातून खेळलेला असला की पोराचा साधा पाससुद्धा सोन्याचा दिसायला लागतो, स्टेफा," तो म्हणतो. आणि बघायचं काय? पक, म्हणजे ती रबरी चकती, काठीशी असताना कुणीही राजा दिसतो. पक हातचा गेला की पोरगा काय करतो, ते बघायचं. या नियमाचा त्याला भारी अभिमान. त्याच नियमानं त्याला तोंडघशी पाडलं.

झालं ते असं. फेब्रुवारीत आम्ही एका सामन्याला निघालो आणि वाटेत बर्फ उडायला लागला. मी गाडी हळू घेतली. घेणारच, मला खड्ड्यात मरायची हौस नाही. पोचलो तेव्हा पहिला भाग संपला होता आणि ओरेस्टचं तोंड फुगलं होतं. पण दुसरा भाग सुरू झाला आणि बिया चघळणं बंद पडलं. त्यावरून मी ओळखते.

"चोवीस नंबर," तो पुटपुटला. "पास येण्याआधी खांद्यावरून मागे बघतो. दर वेळी. बघ आता."

मी विणकामातून मान वर केली. खरंच बघत होता. एकदा त्याच्याकडून पक हिसकावला गेला, तर काठी आपटणं नाही, पंचापुढे हात पसरणं नाही. वळला आणि सरळ मागे धावला. सामना संपल्यावर ओरेस्टनं कागद उघडला. चोवीस नंबर, केल्डन फ्रीसन.

आम्हाला जे उन्हाळ्याच्या शेवटी कळलं ते आत्ताच सांगून टाकते. तो केल्डन नव्हताच. केल्डन तापानं फणफणून घरी पडला होता. कागद आदल्या दिवशी छापलेला होता, म्हणून त्याचं नाव त्यावर तसंच राहिलं. आम्ही पोचण्याआधी त्याच्याच संघातल्या लायल ओलेक्सिन नावाच्या मुलाच्या तोंडावरच्या जाळीवर कुणाचं तरी कोपर बसलं आणि जाळी नाकावर आदळून रक्त आलं. रक्त लागलेला शर्ट घालून खेळता येत नाही, आणि संघाच्या पिशवीत एकच जादा शर्ट होता, केल्डनचा. लायलनं तो चढवला. तोंडावर जाळी असतेच, वरून सगळी पोरं सारखीच दिसतात.

मे महिन्यात ज्युनियर संघ पाळीपाळीनं पंधरा वर्षांच्या मुलांची नावं घेतात; ज्या संघानं नाव घेतलं, मुलगा त्याचा. आमच्या संघाचा कारभारी ड्वेन फोनवर कुरकुरला, "एकदाच पाहिलंयस की रे!"

"एकदा पुरे."

शेवटच्या फेरीत म्हाताऱ्याच्या शब्दाला मान म्हणून ड्वेननं केल्डन फ्रीसनचं नाव घेतलं. लायलचं नाव कुणीच घेतलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस शहरात संघाच्या अंतिम निवडीचं शिबिर भरलं. पोरं बर्फावर उतरली आणि थोड्याच वेळात ओरेस्टचा चेहरा उतरला. केल्डन खांद्यावरून मागे बघत होता खरा, पण पास आल्यावर, श्वासभर उशिरा. पाठ केल्यासारखा.

"हा तो नाही, स्टेफा."

"वाढत्या वयात बदलतात पोरं."

"उंची बदलते. हे नाही बदलत." त्यानं डोळे चोळले. "की माझेच डोळे गेले? तसं असेल तर आज घरी जाऊ आणि परत यायला नको."

मला रागच आला त्याचा. या माणसाकडून हे काम गेलं तर तो दिवसभर स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे फिरेल, आणि आमच्यातला एकच जण जिवंत राहील.

दुपारी आम्ही गाडीची मागची डिकी उघडून पेरोही, म्हणजे आमच्याकडच्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात होतो. कांदा, आंबट साय, सगळं डब्यात आणलेलं. केल्डन ओल्या केसांनिशी समोर येऊन उभा राहिला.

"मिस्टर ह्रिन्युक, सकाळी ड्वेन म्हणाले, तुम्ही मला फेब्रुवारीच्या त्या सामन्यात पाहिलंत."

"पाहिलं."

"मी नव्हतो त्यात. मला ताप होता. माझा शर्ट लायलनं घातला होता." एका दमात बोलला आणि बुटांकडे बघत राहिला.

ओरेस्टनं डबा खाली ठेवला. "तुला हे आज कळलं?"

"नाही. मे महिन्यात फोन आला तेव्हाच शंका आली. तुम्ही आमच्या संघाचा तेवढा एकच सामना पाहिलाय, हे सगळ्यांना माहीत होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास, बाळा?" मी विचारलं.

"फोन आईनं घेतला होता, मॅडम. ती रडायला लागली. मग केक केला. शेजारीपाजारी आले. मग... नाहीच बोललो."

"आणि लायल?"

"त्याला पण माहीत आहे. म्हणाला, तोंड उघडलंस तर दात पाडीन. उन्हाळाभर त्यानंच शिकवलं मला, त्यांच्या गॅरेजमध्ये. टेनिसचा चेंडू फेकायचा आणि ओरडायचा, मागे बघ, गाढवा, आधी मागे बघ!" तो हसला आणि लगेच त्याचे डोळे भरले. "पण मला ते येत नाही. त्याला येतं. इथे तो असायला हवा."

मी त्याच्या हातात पेरोहीचा डबा दिला. दुसरं काय करणार? त्यानं उभ्या उभ्या सगळा संपवला.

ओरेस्ट तडक ड्वेनकडे गेला. मी दाराबाहेर होते, पण ड्वेनचा आवाज दाराला जुमानत नाही. "अख्खा प्रांत हसेल आपल्यावर! शर्ट बघून पोरगं घेतलं म्हणतील!"

"म्हणू देत. शर्ट बघूनच घेतलं."

"गप्प बस ना जरा! त्या दुसऱ्याचं नाव कुणी घेतलेलं नाही. त्याला गुपचूप बोलावून घेऊ, आणि याला रविवारी इतरांबरोबर परत पाठवू. कुणाला काही कळायचं नाही."

"बोलाव. पण फ्रीसनला खरं काय ते मी सांगणार, आणि त्याच्या आईलाही."

लायलला फोन ओरेस्टनंच केला. पोरगा काही ऐकूनच घेईना. पहिला प्रश्न, "केल्डनला काढलं का?" आणि दुसरं वाक्य, "तो तिथे असेपर्यंत मी येणार नाही." शेवटी केल्डननं फोन हिसकावून घेतला. "मुकाट्यानं ये रे! आणि येताना तुझी जादा काठी आण, माझी मोडलीय." दुसऱ्या दिवशी सकाळी लायल हजर. सरावाला बर्फावर उतरला आणि पहिल्या पासाआधी त्यानं मान वळवली. ओरेस्टचं बिया चघळणं थांबलं. डोळे शाबूत होते तर. मी देवाचे आभार मानले, स्वतःच्या वतीनं.

रविवारी संघ ठरला. लायल राहिला, केल्डन गेला. ज्यानं मुलाला आणलं त्यानंच नकार तोंडावर सांगायचा, अशी रीत आहे. ओरेस्टनं सांगितलं, "तू इथे कमी पडलास. बाकीचं सगळं माझी चूक." केल्डननं मान हलवली आणि त्याच्याशी हात मिळवला.

गव्हाची कापणी चालू होती. अशा दिवसांत बापाला यंत्र सोडून पोराला न्यायला येणं जमत नाही, म्हणून त्याला आम्हीच घरी सोडायला निघालो. अर्ध्या वाटेवर मागच्या सीटवरून आवाज आला, "मिस्टर ह्रिन्युक, त्या दिवशी मला ताप नसता, मीच खेळलो असतो, तर माझं नाव दिलं असतंत?"

मी शेजारी बसलेल्या ओरेस्टवर डोळे वटारले. हो म्हण. एवढं एकदा खोटं बोल, तुझं काय जातं!

"नाही," ओरेस्ट म्हणाला.

मला गाडी थांबवून याला उतरवावंसं वाटलं. केल्डन म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं," आणि खिडकीची काच खाली करून शेतांकडे बघत बसला.

फ्रीसनबाई शेतावरच्या माणसांचं जेवण बांधत होत्या. ओरेस्टनं टोपी काढली आणि दारातच सगळं सांगितलं, काही न लपवता. बाईंच्या हातातली पावाची सुरी तशीच राहिली. त्यांच्या मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत तो चोवीस नंबरचा शर्ट लावलेला. मी नजर दुसरीकडे वळवली.

बाईंनी हात पुसले, चौकट खाली उतरवली आणि शर्टाच्या कॉलरपाशी बोट ठेवलं. तिथे एक तपकिरी ठिपका होता. "फेब्रुवारीत मीच धुतला हा. केल्डन ताप येऊन पडला होता, आणि शर्ट घरी आला तो रक्त लागून. सामना संपता संपता लायलचं नाक पुन्हा वाहिलं, म्हणाले. थंड पाण्यात किती घासला, पण तेवढं राहिलंच." त्या खुर्चीवर बसल्या. आता रडणार असं मला वाटलं. "लायलला घेतलं ना तुम्ही?"

"घेतलं."

"मग हा त्याच्या घरी जायला हवा. तुम्हीच घेऊन जा जाताना."

"नाही, आई." केल्डननं चौकट तिच्या हातून घेतली, उलटी केली आणि मागच्या पट्ट्या वाकवायला लागला. "शर्ट माझा आहे. ऑक्टोबरपासून सामने आहेत, मी घालणार काय?"

शर्ट बाहेर निघाला. त्यानं तो झटकला, हुंगला, तोंड वाकडं केलं आणि खेळाच्या पिशवीत कोंबला. मग जेवणाचा डबा उचलून बापाकडे शेतात गेला. रिकामी चौकट टेबलावर राहिली. बाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परतताना आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. ओरेस्ट खिशातून बियांची पुडी काढत म्हणाला, "स्टेफा, याचं नाव मी फेब्रुवारीतच दिलं होतं. मुलगा मात्र आज पाहिला."

"कपात थुंक," मी म्हटलं. "गाडी मला पुसावी लागते."