कॉइलवर ठेवलेला हात

माझ्या सासऱ्यांच्या तळहातांना चटका कळत नसे. उभी हयात जुन्या फियाट गाड्या खोलण्यात गेल्यामुळे कातडी पार मेली होती. सगळं उदगीर त्यांना मिस्त्री म्हणायचं. प्लगला ठिणगी देणारी कॉइल गाडीला बरोबर आहे की नाही, हे ते ती किती तापते त्यावरून ठरवत. म्हणून नवी कॉइल बसवली, की मला स्वयंपाकघरातून हाक यायची. "सूनबाई, हात ठिव."

गाडी चालू असायची. मी तळहात कॉइलवर ठेवायची. काढू लागले, की ते मनगट धरायचे. "धर. अजून धर. भाकर भाजताना लाजतीस का?" गिऱ्हाइकं हसायची, मी मान खाली घालायची. कॉइल कोमट राहिली तर ठीक. हात टिकला नाही, तर ती परत खोक्यात. पोळलेल्या हाताला लावायला ते ग्रीसचा डबा पुढे करायचे. मला तीही माया वाटायची.

"जुन्या गाडीला गरीब कॉइल पायजे," ते सांगायचे. "ताकदवान बसवली की करंट जोडनारे-तोडनारे पॉइंट जाळते." मग माझ्याकडे बोट. "ही बगा, चौथी पास. बारावीवालीचं स्थळ आलतं, म्या वापस केलं." पण एकदा म्हणाले, "हिचा हात मीटरपेक्षा खरा हाय." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

माझी मुलगी बारावी झाली. लातूरला नर्सिंगला नंबर लागला. मिस्त्रींनी मात्र देगलूरचं स्थळ पक्कं केलं.

"आज्जा, मला शिकायचंय," ती म्हणाली.

"शिकून काय करतीस? कुनाचे तरी पॉइंटच जाळतीस."

माझे मालक वडिलांपुढे कधी बोलले नाहीत. तेव्हाही नाही.

सुपारी फोडायला निघायच्या सकाळीच मिस्त्रींच्या स्वतःच्या फियाटची कॉइल गेली. घरात एकच उरली होती, खोक्यावर नाव नसलेली. नव्या गाडीची असली तर जुन्या फियाटवर तापणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"हात ठिव."

ठेवला. हळूहळू कॉइल तव्यासारखी झाली. त्या दिवशी त्यांना माझं मनगट धरावं लागलं नाही.

"कशी हाय?"

"थंड हाय, मामा."

गाडी वाटेत बसली. कॉइल निवली की सुरू व्हायची, थोडं गेलं की पुन्हा बसायची. शेवटी मालकांनी ती ढकलत पाहुण्यांच्या दारात नेली. मुलाचे वडील हसले. "मिस्त्री, सोताचीच गाडी ढकलून आनलाव व्हय?" मिस्त्रींनी त्यांना दारातच शिव्या घातल्या. सुपारी न फुटता परत आली.

संध्याकाळी त्यांनी माझा तळहात उलटा करून बघितला. फोड आले होते. "माझी निवड चुकली," एवढंच म्हणाले. ग्रीसचा डबा पुढे केला नाही.

मुलगी लातूरला गेली. पुढे मिस्त्रींना अर्धांगवायू झाला. आता ओठांनाही चटका कळेना. चहा मीच पाजायची. कप जवळ नेला, की ते आधी माझ्या तोंडाकडे बघायचे.

"गरम हाय?"

"न्हाई, मामा."

ते ओठ मिटून घ्यायचे. मी एक घोट पिऊन दाखवला, तरी उघडायचे नाहीत. कपावर साय धरेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसायचो. शेवटपर्यंत ते थंडच चहा प्यायले.