एका वेळी दोन कोकरं

वारूळवाडीच्या एका द्राक्ष-निर्यात केंद्रात हिरा अकरा वर्षे ईमेल सांभाळते. द्राक्षांत फवारणीच्या औषधांचा अंश किती, याचा प्रयोगशाळेचा अहवाल आला, की तो त्या-त्या बागेच्या क्रमांकाशी ताडून पुढे धाडणे, हे तिचे मुख्य कर्म. अहवालावाचून बागेची तोडणी होत नाही. हंगामात मात्र दिवसाला दोनशे ईमेल येत, आणि संगणक किणकिणला, की हातचे टाकून ती उत्तर देई. तत्काळ उत्तर हीच निष्ठा, अशी तिची निर्मळ समजूत.

त्या समजुतीनेच घात केला. महाळुंगे पडवळच्या सावळेरामांच्या बागेला तिने भलत्याच बागेचा अहवाल जोडला. तोडणीची टोळी रिकामी परतली. व्यवस्थापक समाधान शांतपणे म्हणाले, "हिराताई, पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्याकडं द्यावं लागंल." ते शांत बोलणेच जिव्हारी लागले.

रविवारी ती आणे गावी माहेरी गेली. वडील ज्योतिबा, म्हणजे तिचे आबा, पंचाहत्तरीतही चाळीस मेंढ्या राखतात. सायंकाळी मेंढ्या रानातून परतल्या, तशी जाळीत दिवसभर ठेवलेली कोकरे आक्रंदू लागली. हिराने जाळी धरावी, आबांनी दोन-दोन कोकरे सोडावीत, असा बालपणापासूनचा परिपाठ. इतक्यात तिचा फोन किणकिणला. तिने पाहिले मात्र, जाळी सुटली. सारी कोकरे उधळली, भलत्याच मेंढ्यांना लुचू लागली, त्यांच्या लाथा खाऊ लागली.

"तुज्या हापिसाला बी दूध पाजायचंय का?" आबा म्हणाले.

कोकरे पुन्हा जाळीत घेता घेता हिराने सारे सांगितले.

"वरडत्यात म्हून समदी सोडायची व्हय, हिरे? वरडनं त्यांचं काम. ज्याची आई त्यालाच गाठून द्यायची, ते आपलं."

"आन एखादं आजारी आसंल तर?"

"ते आदीच येगळं बांदलेलं आसतंय. त्याला रांग न्हाई."

सोमवारी तिने समाधानांकडे मागणे मांडले: दहा ते एक केवळ आदल्या दिवसापर्यंत आलेले अहवाल, ईमेल बंद, ते एक वाजता आणि पाच वाजता उघडायचे. खरोखरच अडलेल्याने फोन करावा.

"गिऱ्हाईक रुसलं तर?"

"आठ दिवस बघा, भाऊ. न्हाई जमलं तर काम काढून घ्या."

पाचव्या दिवशी सावळेरामांच्याच दुसऱ्या बागेचा अहवाल हाती आला. त्या निःशब्द सकाळी अक्षरन् अक्षर वाचताना तिला दिसले, की प्रयोगशाळेनेच शेजारच्या बागेचा क्रमांक घातला आहे. तिने फोन करून दुरुस्ती मागवली, मगच अहवाल धाडला. एक वाजता त्रेसष्ट ईमेल तिष्ठत होते. दोनपर्यंत साऱ्यांना उत्तरे गेली, कुणीही रुसले नाही. दुसऱ्या दिवशी सावळेरामांचा फोन आला, "ताई, टोळी बागंत शिरली बरं का." समाधानांनी आठवा दिवस मोजलाच नाही.

त्यापुढच्या रविवारी फोन पिशवीत ठेवून हिराने जाळी धरली आणि आबांना सारा वृत्तान्त ऐकवला. "तुमच्यामुळं जमलं, आबा," ती म्हणाली.

"माजं काय त्यात?" आबा कोकरू सोडत म्हणाले. "मला मेंढरांनी शिकवलं. त्यास्नी सांग."

हिराने जवळच्या म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पुढची दोन कोकरे येऊ दिली.