दाबलेली शिंक

दोघे भाऊ एकाच टेबलावर घड्याळं दुरुस्त करायचे. मोहरीहून बारीक स्क्रू श्वासानेही उडतो, म्हणून धाकटा तीस वर्षं शिंक दाबत आला होता. नाक चिमटीत धरायचा आणि उंदरासारखा 'चुक्' आवाज काढून मोकळा व्हायचा. थोरल्याचं सगळं उलटं. उन्हात पाऊल टाकलं की जबडा वासून तीन शिंका ठरलेल्या. मग तोंड पुसलेल्या त्याच ओल्या हाताने तो गिऱ्हाइकाचं घड्याळ उचलायचा. धाकटा खेकसायचा.

"शी, दादा! रुमाल काय घडी मोडू नये म्हणून ठेवलायस?"

"अरे, ऊन डोळ्यांत गेलं की येतात. बाबांनाही यायच्या. रक्तातच आहे."

"शिंक रक्तात असेल, पण रुमाल खिशात आहे ना!"

परवा एक बाई दुरुस्त केलेलं घड्याळ परत घेऊन आल्या. काचेला आतून वाळलेले शिंतोडे होते. धाकट्याचं डोकंच फिरलं.

"आता लोकांच्या घड्याळात थुंकायचंच बाकी ठेवलं होतंस!"

थोरल्याने घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. घड्याळ ज्याने दुरुस्त केलं त्याने झाकणाच्या आत आपली खूण कोरायची, अशी बाबांनी घालून दिलेली रीत होती. खूण धाकट्याची होती.

काच पुसायला धाकट्याने डोळ्याला भिंग लावलं. एकेक शिंतोडा वाटाण्याएवढा दिसत होता.